उलट प्रश्न विचारायचाच

प्रशिक्षणाहून मी मोठ्या तोऱ्यात परतले होते. इंग्रजी शिकवायची नाही, पोरींना बोलतं करायचं, असा मंत्र मिळाला होता. बीरगांवच्या माझ्या सरकारी शाळेत नववीच्या बहुतेक पोरींचे वडील कारखान्यात. इंग्रजी त्यांना भेटते ती गाईडमध्ये, पाठ करण्यापुरती. प्राचार्यांच्या मागे लागून आठवड्याचे दोन तास मिळवले. "एक महीना देती हूँ," त्या म्हणाल्या. "फिर मैं आकर बैठूँगी. लड़कियाँ नहीं बोलीं, तो पीरियड गणित का."

पहिला खेळ असा. बाकावरच्या दोघींना बाजाराचं एकेक चित्र, दोन्हींत थोडा फरक. आपलं चित्र झाकायचं आणि इंग्रजीत विचारून विचारून फरक शोधायचा. दोन मिनिटांत सगळ्या बाकांवर फरक सापडले, आणि कुणी एक शब्द बोललं नव्हतं! पोरींनी चित्रं सरळ एकमेकींशेजारी मांडली होती.

"छुपाओ!" मी ओरडले.

एरवी तोंड न उघडणारी एक पोरगी उभी राहिली, इथल्या बोलीत म्हणाली, "बाजू वाली ले काबर छुपाबो, मैडम?"

शेजारणीपासून काय म्हणून लपवायचं? डब्यातली भाजी, पेन, गृहपाठ, सगळं त्या वाटून घेत. मी त्यांना लपवायला शिकवायला निघाले होते.

शहरात, बूढ़ापाऱ्यातल्या घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो हसतच सुटला. "पोट्टी बरोबर बोलून राहिली. अन् जे चित्र पाहून समजते, ते तू त्यायले विचारायले काहून लावते?"

राग आला, पण त्यानं बोट नेमकं ठेवलं होतं.

चित्रं कपाटात गेली. नवा नियम केला: शेजारणीला तेच विचारायचं जे आपल्याला खरंच माहीत नाही, आणि उत्तर देणारीनं उलट प्रश्न विचारायचाच. हळूहळू कुजबुज सुरू झाली. चार वर्षं एका बाकावर बसलेल्या दोघींतल्या एकीला कळलं, की दुसरीला ट्रक चालवायचाय. "व्हाय ट्रक?" "आय सी ओडिशा." मी बाकांमधून फिरत कान टवकारून ऐकत होते. मलाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

महिना भरला. प्राचार्या मागच्या बाकावर येऊन बसल्या. थोडा वेळ ऐकून त्या उठल्या, चित्र लपवायला नकार देणाऱ्या त्या पोरीसमोर उभ्या राहिल्या. "व्हॉट इज युवर फादर?"

"फर्नेस वर्कर, मॅडम." मग नियमाप्रमाणे, "अँड युवर फादर, मॅडम?"

प्राचार्यांना कुणी उलट विचारतं का? मी मध्ये पडणार, तोच त्या अडखळत म्हणाल्या, "ही इज... इन हॉस्पिटल. इलेव्हन डेज."

"हू इज विथ हिम नाउ?"

"नोबडी. आय ॲम हिअर."

पोरीनं दाराकडे बोट केलं. "यू गो, मॅडम."

आणि त्या खरंच निघाल्या. दारात मला म्हणाल्या, "पीरियड रहने दो."

तास वाचला होता. पण ते अकरा दिवस मी रोज त्यांच्यासमोर बसून डबा खाल्ला होता, आणि एवढं विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.