बलभीमनं बुजवलेल्या जखमा

बलभीमला काम सांगायचं म्हणजे विकतचं दुखणं. लोहाऱ्यात त्याच्यासारखा मूर्तिकार नाही, गणपती असो की गौरीचे मुखवटे. पण सांगाल तेवढंच करेल तर शपथ! मारुतीची शेपटी जोडायला दिली, तर ह्यानं त्याचा रागीट चेहरासुद्धा हसरा करून टाकला. पंच महिनाभर बोंबलत होते. मोडकं, चिरलेलं काही दिसलं की ह्याचे हात शिवशिवतात. बायको गेल्यावर शिवराजला एकट्यानं वाढवला. पोरगं फौजेत गेलं आणि गेल्या वर्षी मांडीत लोखंडाचा तुकडा घेऊन घरी आलं. डॉक्टर म्हणाले, तो काढता येत नाही, राहू द्या. तेव्हापासून बलभीम जास्तच बिथरलाय.

हे सगळं ठाऊक असून म्या आमच्या चर्चमधला संत सेबास्तियन त्याच्याकडंच रंगवायला दिला. माझंच चुकलं!

आमची ख्रिस्ती घरं इथं मोजकीच. जानेवारीत ह्या संताचा सण असतो. रोमच्या बादशहाचा हा शिपाई. येशूचं नाव सोडेना म्हणून त्याला बांधून बाण मारले. सणाला एकेक जण मूर्तीच्या बाणाला हात लावून आपलं दुखणं सांगतो. माझी आईसुद्धा तेच करायची.

सणाच्या आदल्या दिवशी मूर्ती आणायला गेले, तर ती नवरदेवासारखी चकचकीत. एक बाण नाही, भोक नाही. सगळं पुट्टी भरून गुळगुळीत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“बलभीम, अरे काय केलंस हे? नुसता रंग द्यायला सांगितला होता ना?”

“फौजी माणूस हाय न्हवं, सुवार्ताबाई. अंगात लोखंड घिऊन किती दिस हुबा ऱ्हाईल? म्या काढलं.”

“तू कोण त्याला बरा करणारा? तो तेव्हाच बरा झाला होता!”

त्यानं ब्रश खाली ठेवला. “म्हंजी, बाणानं मेला न्हाय?”

“नाही मेला. एक विधवा प्रेत न्यायला गेली, तर धुगधुगी होती. तिनं घरी नेऊन बाण काढले, मलमपट्टी केली, हिंडताफिरता केला.”

“मग?”

“मग काय! सगळे म्हणाले, पळून जा. तर हा आपणहून बादशहापुढं जाऊन उभा राहिला. त्यानं सोट्यांनी मारून टाकला.”

बलभीमनं मागं वळून घरात पाहिलं. दारातून शिवराजची भरून ठेवलेली ट्रंक दिसत होती. हिंडतंफिरतं झालेलं पोरगं दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं परत ड्युटीवर निघणार होतं.

“मग त्या बाईनं बरा कशाला केला वं?”

इतकी वर्षं चर्चमधल्या पोरांना ही गोष्ट सांगतेय, पण हे कुणी विचारलं नव्हतं. चिडायला गेले, तर रडूच आलं.

त्यानं फडक्यात बांधलेले बाण आणि ड्रिल माझ्यापुढं सरकवलं. “तुमीच पाडा भोकं. माझा हात चालायचा न्हाय.”

म्या ड्रिल उचललं, मूर्तीच्या बरगडीखाली टेकवलं आणि तसंच खाली ठेवलं.

सण बिनबाणाचाच झाला. “आता हात कुठं लावायचा?” म्हणून लोकांनी मला वाट्टेल ते सुनावलं. फादरही फुगून बसले. तेवढ्यात पोराला एसटीत बसवून बलभीम आला. चर्चमध्ये पहिल्यांदाच. गुमान रांगेत उभा राहिला. पाळी आल्यावर त्यानं मूर्तीच्या मांडीवर हात ठेवला. तिथं कधी बाण नव्हताच.

“बरा झालास न्हवं?” तो म्हणाला. “आता कुठं जाऊ नगंस रं.”