झुलालभाऊंनी ठेवलेली फांदी

झुलालभाऊंबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल एक कबुली द्यायला हवी. मला घाण सहन होत नाही. धुळ्यात देवपूरच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली, त्यातली निम्मी पोरांना कागद उचलायला लावण्यात गेली. बायको म्हणते, हा माणूस स्वर्गात गेला तरी आधी केर काढेल. तिला कुठं ठाऊक आहे की केर काढण्याच्याच नादात मी एका भल्या माणसाचं वाटोळं केलंय.

झुलालभाऊ चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी राहतात. एकोणिसाव्या वर्षी ते वनखात्यात रोजंदारीवर लागले. वणवा पसरू नये म्हणून गवत कापून मोकळे पट्टे काढायचे, डोंगरातल्या चौक्यांवर पाणी पोहोचवायचं, साहेब आले की पुढं चालायचं. साठीला टेकल्यावर ते काम सुटलं, डोंगर सुटला नाही. आमच्यासारखे शहरातले हौशी लोक पाठीवर पिशव्या लादून आले की ते वाट दाखवायला निघायचे. चार चौक्या, पाच दिवस, सगळं जंगल. चौकी सोडताना माठ भरून ठेवल्याशिवाय ते पाऊल उचलत नसत. मागून येणारा कोण असेल ते आपल्याला माहीत नसतं, म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आम्ही धुळ्याहून नऊ जण गेलो होतो. पहिल्याच सकाळी त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "फांदी आडी दिसनी का तठे जावानं नही." म्हणजे जिथं वाट फुटते तिथं चुकीच्या वाटेवर ते हिरवी फांदी आडवी टाकणार. मागं राहिलेल्यानं ती बघायची आणि दुसरी वाट धरायची. मी तेव्हा कुणाच्या तरी हातातल्या बिस्किटाच्या कागदावरून तावातावानं बोलत होतो. कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही.

तिसऱ्या दिवशी ओळ लांबली. झुलालभाऊ पुढं, शेवटून दुसरा मी, आणि सगळ्यात मागं नूतनताई. त्या बँकेत नोकरीला, पक्ष्यांचे फोटो काढत रमतगमत येणाऱ्या. आदल्या चौकीत वटवाघळांची घाण पाहून माझं डोकं फिरलं होतं. पुढच्याची पाठ बघत चालताना एका फाट्यावर अंजनाची ताजी, भरगच्च फांदी पडलेली दिसली. वा, आयता झाडू! मी ती उचलली आणि खांद्यावर टाकून चालू लागलो. चौकीवर पोहोचल्यावर कोपरान् कोपरा झाडून काढला. लोकांनी कौतुक केलं, ते मी ऐकून घेतलं.

तासभर झाला तरी नूतनताई आल्या नाहीत. झुलालभाऊ धावत मागं गेले आणि घामाघूम होऊन परतले. "तठे फांदी नही शे," म्हणाले. "मी ठेवेल व्हती."

तेव्हा कुठं मला पहिल्या सकाळचं त्यांचं बोलणं आठवलं. फांदी माझ्यामागं कोपऱ्यात उभी होती. सगळे शोधायला पळाले. मी थोडा मागं राहिलो, फांदी चुलीत सारली आणि ती पेटेपर्यंत तिथंच उभा राहिलो. हे लिहितानाही मला स्वतःचा संताप येतो.

दिवस मावळायच्या आत नूतनताई सापडल्या. चुकीच्या वाटेनं नाल्यात उतरताना पडल्या होत्या, घोट्याचं हाड मोडलं होतं. झुलालभाऊंनी त्यांना पाठीवर घेऊन चौकीवर आणलं. त्यांना टेकवताच सगळे झुलालभाऊंवर तुटून पडले. ते एकच सांगत होते, "मी ठेवेल व्हती."

मी गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मी अगदी समजूतदार आवाजात बोललो, "भाऊ, नीट आठवा. वय झालं की होतं असं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मास्तर, मी कशाला खोटं बोलेन? आपलंच चुकलं म्हणून त्यांनी मान हलवली. "व्हई सर. ठेवानी राही गई व्हई."

यंदा पुन्हा जायचं ठरलं. मी झुलालभाऊंना फोन लावला, तो त्यांच्या बायकोनं, मंदाबाईंनी उचलला. "ते आते कोठेच जातस नही, सर. त्यास्ना ध्यानमां काही ऱ्हास नही."

त्यानंतर दोन दिवस मला जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी मी चोपड्याची एसटी पकडली.

झुलालभाऊ केळीच्या मळ्यात होते. लाइट आली की मोटर चालू करायची, गेली की बंद, एवढंच त्यांचं काम. तेसुद्धा मंदाबाई येऊन तपासून जात. मला बघून ते हसले, खाट पुढं केली. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, चुलीसकट.

ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एकदम हाक मारली, "मंदा, आठे ये!" त्या आल्यावर मला म्हणाले, "सर, हिना समोर परत सांगा."

मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं फार जड गेलं. मंदाबाई पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या.

"तीन साल व्हयनात, सर," त्या म्हणाल्या. "मी यास्ले नातीले शाळामां बी एकटं लई जाऊ देत नही. कोठे सोडी येतीन, अशी भीती वाटे. गाव हासे यास्ले. आणि यास्नी सोता बी सगळं खरं मानी लिधं."

मला काहीतरी करून दाखवायची घाई झाली. अपराधी माणसाला ती असतेच. मी म्हणालो, "भाऊ, मी सगळ्यांना सांगतो. नूतनताईंच्या घरी जाऊन सांगतो. डिसेंबरात तुम्हीच पुढं चाला. तुमच्याशिवाय आम्ही निघणारच नाही."

झुलालभाऊंनी डोंगराकडं पाहिलं. मळ्यातून तो अगदी जवळ दिसतो.

"दरसाल पावसाळामां नाला फिरतस, सर. दरडी पडतस, जुनी वाट मोडस, नवी पडस. दरसाल चालनं तवयच ती माहीत ऱ्हास. तीन साल मी वर पाय ठेवा नही. आते माले वाट खरंच माहीत नही."