टेबलावर राहिलेला दगड

मुलाखतीला जाताना लोक प्रमाणपत्रं नेतात. मी पिशवीतून दगडही नेला. वर तो साहेबांच्या टेबलावर जरा जोरातच ठेवला. टेबलाची काच कर्रकन तडकली.

कॉलेजच्या निवड समितीचे अध्यक्ष शेजारच्या सदस्याकडं बघून म्हणाले, "डॉक्टर झाले, तरी दगड फोडायची सवय जात नाही यांची."

तिघंही हसले. खोटं कशाला सांगू, सवयीनं मीही हसलो. 

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. पाऊस नव्हता, पाट्या मात्र नव्या कोऱ्या. मी विज्ञानाचा इतिहास शिकून आलेलो. निलंग्याकडच्या विहिरी खोदणाऱ्यांची विद्या, हा माझा प्रबंध. त्यात पहिलं नाव माझ्या बापाचं. आबा खडकावर पहार मारायचे, कान लावायचे आणि सांगायचे, "हितं न्हाई. चार हात उगवतीला सरका." मोठ्या दुष्काळात त्यांनीच गावाला पाणी काढून दिलं. पाणी लागलं, मालकानं नारळ फोडला, आबांना वर घेतलं. त्या दिवसापासून आमचा हात लागला की ती विहीर बाटायची. आम्ही बौद्ध झालो होतो. गाव जिथल्या तिथं होतं.

हा दगड त्याच विहिरीच्या तळाचा.

अध्यक्षांनी प्रबंध उघडला. "वडिलांचं नाव काढा. तिथं 'संशोधकाचे निरीक्षण' लिहा. अडाण्याची साक्ष विज्ञानात चालत नाही. एवढं करा आणि सोमवारी रुजू व्हा."

पेनही त्यांनीच पुढं केलं. घरी दोन लेकरं. त्या पेनाकडं मी किती वेळ पाहत बसलो, ते आबांना कधी सांगितलं नाही.

"न्हाई जमणार," मी म्हणालो. पुस्तकी मराठी नेमकी तेव्हाच दगा देऊन गेली. "विहिरीवरून हाकललं तवा बाप गप बसला. पुस्तकातून म्या त्याला हाकलणार न्हाई."

नोकरी गेली. पुढंही मिळाली नाही. नांदेडला गेलो, तिथंही समितीत तेच चेहरे. आजतागायत शिकवण्या घेतो.

त्या दिवशी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. तिनं पिशवी उपडी करून पाहिली.

"दगड कुठाय?"

"टेबलावरच ऱ्हायला."

"नोकरी ऱ्हाऊ द्या त्यायच्याकडं. आबामामाचा दगड ठेवायचा न्हाई. सकाळच्या यष्टीनं जावा, घेऊन या. आन् आत शिरताना 'येऊ का' म्हणू नका."