यंत्राची खंडेनवमी

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो. तो निवला की मला माझीच लाज वाटायला लागते आणि गोष्ट अर्धी राहते. फजिती माझी आहे, तेव्हा हसायला संकोच करू नका.

मी मूळचा वळसंगचा. सोलापुरात गिरणीत माग चालवायचो. छातीत कापसाची धूळ बसली, तेव्हा वैद्यांनी गिरणी सोडायला सांगितली. मग एका हायस्कुलात शिपाई झालो. साहेबाच्या राज्यातली गोष्ट आहे ही. मला तेव्हा अक्षर ओळखू येत नव्हतं.

शाळेत विज्ञानाला पाठक मास्तर नवे आले होते. नेमणूक एका वर्षाची. इन्स्पेक्टरसाहेब येऊन वर्ग बघणार, शेरा चांगला दिला तर मास्तर कायम. "कायम झालो की आईला गावाहून आणीन, मल्लप्पा," असं ते मला रोज सांगायचे. रोज म्हणजे अगदी रोज. त्यांच्या आईला मी न बघता ओळखायला लागलो होतो.

त्याच वर्षी शाळेत सूक्ष्मदर्शक आला. पितळेचं यंत्र. खाली एक गोल आरसा, मध्ये काच ठेवायला पाट, वर उभी नळी, आणि तिच्या वरच्या तोंडात डोळा लावायची भिंगाची छोटी नळी. नळीच्या खालच्या टोकाला एक फिरती चकती आणि तिच्यात दोन भिंगं. कांद्याची साल तिच्याखाली ठेवली की विटांची भिंत दिसते म्हणे. मास्तर त्याला तान्ह्या मुलासारखं दोन्ही हातांनी उचलायचे.

आता खंडेनवमी आली. गिरणीत आम्ही त्या दिवशी मागाला हळद-कुंकू लावून हार घालायचो. ज्याच्यावर पोट, त्याची पूजा. मास्तरांचं पोट त्या यंत्रावर, मग ते बिनपूजेचं कसं ठेवायचं? सुट्टी होती, किल्ली माझ्याजवळ होती. तुम्ही असता तर काय केलं असतं?

मी यंत्र पूर्वेला तोंड करून मांडलं. आरशाला हळदीची बोटं ओढली. नळीच्या वरच्या टोकाला कपाळ समजून कुंकू लावलं. ती दोन भिंगं म्हणजे मला डोळे वाटले. एक खाली बघतोय, एक बाजूला. देवाची नजर अशी तिरकी बरी नव्हे, म्हणून चकती जराशी फिरवून दोन्ही सारखी केली. झेंडूचा हार घातला, हात जोडले. "मास्तरांच्या आईला सोलापूर दाखव रे बाबा."

दसऱ्यानंतर शाळा उघडली त्याच दिवशी साहेब येणार होते. मी पहाटेच जाऊन हार काढला. वरची भिंगाची नळी उपसून, बोटानं वरखाली कुंकू पुसून परत बसवली. आरसा धोतराच्या सोग्यानं घासला. पितळ असं चकाकलं की काय सांगू.

मास्तर आले, कांद्याची साल लावली, डोळा लावला आणि खुर्चीत बसलेच.

"मल्लप्पा, अर्धाच चंद्र दिसतोय. बाकी सगळा अंधार. भिंग फुटलं."

"कसं फुटंल? कालपतुर चांगलं हुतं की."

"सुट्टीआधी मीच घाईनं ठेवलं. माझ्याच हातून झालं हे."

त्यांचा आवाज बारीक झाला. आणि मी काय विचार करत होतो म्हणता? नारळ फोडला न्हाई, म्हणून यंत्र रुसलं. खरं सांगतो, दुसरं काही डोक्यात आलंच नाही.

पण त्यांचा चेहरा बघवेना. म्हटलं, "मास्तर, आमी गिरणीत कापडात खोट दिसली तर कापडाकडं बघत न्हाई. सूत जिथनं निगतं तिथनं बघत येतो. ह्याचं सूत कुटनं येतं?"

"याचं सूत म्हणजे उजेड. खिडकीतून."

"मग खिडकीपासनं चला की."

खिडकी ठीक होती. आरसा वाकडा होता, तो मास्तरांनी वळवला. उजेड पाटाच्या भोकातून नीट वर आला. तिथून नळीच्या तोंडाशी गेलो, तर भिंग भोकाच्या नेमकं वर नव्हतं, सुतभर बाजूला होतं.

"ताणा सरकलाय, मास्तर. उभं सूत जाग्यावर न्हाई."

त्यांनी चकती हळू फिरवली. टक्‌ असा आवाज आला. त्यांनी डोळा लावला.

"पूर्ण चंद्र," ते म्हणाले. नंतर माझे दोन्ही हात धरले, आणि एवढ्यात साहेब दारात.

साहेब देशीच होते, कडक टोपीवाले. डोळा लावून बराच वेळ बघत राहिले. मी भिंतीला टेकून छाती काढून उभा. यंत्र दुरुस्त करणारा माणूस म्हणजे मी.

"पेशी स्पष्ट आहेत. आयोडीनचा पिवळा रंगही छान चढलाय."

मास्तर म्हणाले, "साहेब, आयोडीनची बाटली अजून आलेलीच नाही."

"मग हे पिवळं? आणि हा लाल ठिपका कसला?"

मास्तर काहीही ठोकून देऊ शकले असते. त्यांच्या आईची गाडी तिथंच अडली होती. ते म्हणाले, "मला ठाऊक नाही, साहेब."

साहेबांनी वरची नळी बोटांनी गोल फिरवली. "ठिपकाही फिरतोय. म्हणजे तो कांद्यात नाही, यंत्रात आहे." त्यांनी नळी काढून खालून रुमालानं टिपली. रुमाल लाल. आरशावर बोट फिरवलं. बोट पिवळं.

"मास्तर, इथं लग्न लागलं होतं का?"

अय्यो शिवा. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, आरसा न वळवता. सगळं सांगून टाकलं. पूजा सांगितली, हार सांगितला, तिरकी नजर सांगितली.

"म्हणजे चकती तूच फिरवलीस?"

"व्हय, साहेब."

"पण बिघाड शोधला तो यानंच," मास्तर मध्येच म्हणाले. "उजेडाच्या वाटेनं, पायरीपायरीनं. मी तर हात टेकले होते."

साहेब टोपी काढून हसले. "इन्स्पेक्टरपुढं 'ठाऊक नाही' म्हणणारा मास्तर मला अजून भेटला नव्हता. शाळेला लिहितो, याला सोडू नका." तसाच शेरा लिहिला. दिवाळीआधी मास्तरांची आई आली. मी ओळखलंच होतं तशी निघाली, ठेंगणी आणि बोलकी.

मास्तरांनी मला बजावलं, "यापुढं यंत्राला हात नाही लावायचा." आणि कपाटावर एक पाटी अडकवली. मला वाटलं, यंत्राचं नाव लिहिलं असणार. शब्द मोडला नाही मी. त्यानंतर दर खंडेनवमीला यंत्र कपाटात, आणि हळद-कुंकू, हार, सगळं पाटीला.

पाच वर्षांनी मास्तरांनीच मला अक्षरं शिकवली. पहिलं वाक्य स्वतः वाचायचं म्हणून मी हौसेनं त्या पाटीवरचं पाच वर्षांचं कुंकू खरवडून काढलं. एकेक अक्षर लावत गेलो.

लिहिलं होतं, 'इथे कुंकू लावू नये.'