हवेचं माप

मास्तरांनी चाळीस वर्षं कोट बेतले. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याच्या खांद्याचं माप त्यांना कळलेलं असायचं. टेप लावायचे ते गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. आणि गेल्या वर्षी उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, चालायचंच. मास्तर म्हणाले, चालायचंच म्हणजे काय? कात्री चालत नाही त्याचं काय? दुकान बायकोने ताब्यात घेतलं, वर्षभरात काम दुप्पट केलं, आणि मास्तर घरी हातावर हात धरून बसले. तसं धरल्यावर तो जरा कमी हलायचा.

बायकोचा धाकटा भाऊ रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने एक लाकडी डबा आणून टेबलावर ठेवला. उजवीकडे उभी दांडी, डावीकडे आडवी कडी. "दाजी, याला थेरेमिन म्हणतात. दांडीजवळ हात नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. डावा हात कडीवर वरखाली केला की आवाज लहानमोठा होतो. हात लावायचाच नाही कुठे!"

हाताला काम नाही म्हणून माणूस झुरतोय, आणि मेव्हण्याने शोधून आणलं काय, तर हात न लावायचं वाद्य! पण मास्तर दुसऱ्या दिवसापासून त्याच्यापुढे उभे राहिले. या हाताकडून एक तरी गोष्ट धड व्हावी, एवढंच त्यांना हवं होतं.

डबा रडायचा. मध्येच किंचाळायचा. तिसऱ्या दिवशी शेजारीण दारात येऊन हळूच विचारून गेली, "घरात कुणी आजारी आहे का?" त्या संध्याकाळी बायकोने निकाल दिला. "सोमवारी शिलाईचं दुसरं मशीन येतंय. दुकानात जागा नाही, ते याच खोलीत बसणार. रविवारी मला एक ओळ वाजवून दाखवा. कुठलं गाणं ते मी ओळखलं, तर मशीन स्वयंपाकघरात कोंबते. नाहीतर हा डबा माळ्यावर."

मास्तरांनी अंगाई निवडली. मुलगी लहान असताना बायको रोज म्हणायची ती. दुसरं गाणं त्यांना येतच नव्हतं म्हणा ना.

आता सूर शोधायचा कुठे? पेटीला पट्ट्या असतात, बासरीला भोकं असतात. इथे नुसती हवा. मास्तरांनी मग टेप काढला. सा दांडीपासून सोळा इंचांवर, रे साडेतेरावर, ग पावणेबारावर, सगळं मापांच्या वहीत उतरवलं. खोलीत आडवी दोरी बांधली, तिला दोरे सोडले आणि प्रत्येक दोऱ्याला एक बटण. सा काळं, रे पांढरं, ग कोटाचं मोठं. बटणाशी हात नेला की सूर लागलाच पाहिजे!

एक दिवस लागला. दुसऱ्या दिवशी काळ्या बटणावर भलताच सूर. मास्तरांनी मेव्हण्याला फोनवर फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "दाजी, तुमचं सगळं अंगच त्यात धरलं जातं. अर्धं पाऊल पुढे उभे राहिलात की माप गेलं."

मग जमिनीवर खडूने पावलं आखली. दार लावून घेतलं. शनिवारी ओळ जमली, चक्क तीनदा.

रविवारी बायको आली, खुर्ची ओढून शेजारी बसली. मास्तर खडूच्या पावलांवर उभे राहिले, काळ्या बटणाशी हात नेला आणि सूर असा वर गेला की त्यांनाच कानावर हात ठेवावेसे वाटले.

"तू मध्ये येतेस!"

"मी कुठे मध्ये आले? मी बसलेय."

"बसलीस म्हणूनच! सगळं तुझ्याशिवाय मापलंय मी."

"मग मी दाराबाहेरून ऐकू? निव्वळ वहीतल्या मापावर कोट दिलात का कधी कुणाला? ट्रायल नको?"

मास्तरांना मिरच्या झोंबल्या, कारण ती बरोबर बोलत होती. त्यांनी दोरी हिसकून काढली. बटणं टपाटप पडली, एक कपाटाखाली गेलं. मग डोळे मिटून त्यांनी हात हवेत धरला आणि कानानेच चाचपायला सुरुवात केली. सा सापडला. हात थरथरत होता, म्हणून सूरही थरथरत होता. थरथरू दे मेला, मास्तर मनात म्हणाले आणि पुढे गेले. रे सापडला, ग घसरला, पुन्हा सापडला. रडतखडत ओळ अर्ध्यावर आली.

"चुकलं," बायको म्हणाली.

मास्तर उसळले. "चुकलं म्हणजे? सूर तर बरोबर होता! घामाघूम झालोय मी इथे..."

"सूर नाही हो. तिथे मी श्वास घ्यायचे. तुम्ही न थांबता पुढे पळालात."

मास्तर वळून तिच्याकडे बघायला लागले. कुठलं गाणं, हे त्यांनी तिला सांगितलेलं नव्हतं.

"बघता काय? पहिल्यापासून घ्या," ती पदर सावरून म्हणाली. "मी हलत नाही."