हेल्मेटांवरची हळद

१२ ऑक्टोबर २००५, बुधवार. सकाळचे साडेसात. मी पांढऱ्या पँटींच्या गुडघ्यांवरचे गवताचे डाग ब्रशने घासत होते. गवताचा डाग आधी गार पाण्यातच धुवावा. गरम पाण्यात टाकला की तो तुमच्याआधी निवृत्त होत नाही.

ओहायोतल्या एका लहान कॉलेजच्या फुटबॉल टीमचे कपडे धुणं आणि शिवणं हे माझं काम होतं. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, ज्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. नवऱ्याची नोकरी जवळच्या डब्लिनमध्ये (आयर्लंडचं नव्हे, ओहायोतलंच), मुलगी शिकायला दुसऱ्या राज्यात. घरी बसून कंटाळा आला, तेव्हा जाहिरात बघून गेले. इचलकरंजीला माझ्या वडिलांचा कापड रंगवायचा कारखाना होता, त्यामुळे डाग हा विषय मला नवा नव्हता. टीमच्या सामानखोलीचे प्रमुख, एक उंच, वाळका म्हातारा, यांनी मुलाखतीत माझ्या हातात मळकी जर्सी दिली. मी विचारलं, "आधी रक्त काढू की आधी चिखल?" त्यांनी तिथेच मला कामावर घेतलं.

मैदानाच्या एका टोकाला लाकडी चौकटीवर एक मोठी घंटा होती. टीम घरच्या मैदानावर जिंकली की ती वाजवायची, जितके गुण तितके टोले. वाजवण्याचा मान सामानखोलीच्या प्रमुखांचा. अडीच वर्षं तिला कोणी हात लावला नव्हता, कारण अडीच वर्षं आमची टीम घरी जिंकलीच नव्हती. तरी म्हातारबाबा दर शुक्रवारी तिच्या बिजागऱ्यांना तेल घालायचे. त्यांचा हा शेवटचा सीझन. सप्टेंबरमध्ये त्यांनी नवी दोरी आणून बांधली होती. "जाण्याआधी एकदा ओढायचीय," एवढंच म्हणाले. ऑक्टोबर उजाडेपर्यंत आम्ही पाचच्या पाच मॅच हरलो होतो आणि दोरी होती तशी कडक होती.

त्या बुधवारी दसरा होता. वडिलांच्या कारखान्यात दसऱ्याला यंत्रं पुसून त्यांना हळदकुंकू लावल्याशिवाय कोणी बटण दाबायचं नाही. मीही पँटी भिजत ठेवल्या, दोन्ही वॉशिंग मशीन पुसली, शिवणयंत्र पुसलं, कात्री पुसली, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मग मान वर केली तर फळीवर हेल्मेटं ओळीने बसलेली. तीही हत्यारंच. एकाला लावायचं आणि बाकीच्यांना नाही, हे बरं दिसत नाही. म्हणून सगळ्यांना मागच्या बाजूला बोट टेकवलं. संध्याकाळी पुसून टाकू, असा विचार.

संध्याकाळी कुंकू निघालं. हळद निघाली नाही. कारखानदाराच्या मुलीला ही अक्कल आधी यायला हवी होती. पांढऱ्या प्लास्टिकवर ओली हळद दिवसभर ठेवली की ती आत शिरते. साबण, सोडा, व्हिनेगर, सगळं झालं. उपाय एकच, कडक ऊन. आणि बाहेर तीन दिवस ढग.

गुरुवारी मुख्य कोच आत आले, हेल्मेट उलटसुलट करून बघितलं.

"हे काय? बुरशी?"

"हळद," मी म्हणाले. "आमच्यात काल हत्यारांची पूजा होती."

"हेल्मेट हे हत्यार नाही. डोकं वाचवायची वस्तू आहे."

"तुमच्या मुलांनी त्याने किती जणांना धडक दिलीय, विचारा."

"त्याचीच तर आम्हाला पेनल्टी बसते," ते म्हणाले आणि हसू दाबत निघून गेले.

मागोमाग टीममधला सर्वांत मोठा मुलगा दारात उभा राहिला. शेवटच्या वर्षाचा. त्याच्या पँटीत आमच्या घरातली तिघं मावली असती. त्याचं हेल्मेट बुधवारी दुरुस्तीला गेलं होतं. "मॅडम," तो अगदी दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "मलाच का वगळलं?"

मी डबीतली हळद कालवली आणि त्याच्या हेल्मेटावर टिळा लावला. एक डाग जास्त झाल्याने काय फरक पडणार होता?

शनिवारी दुसऱ्या गावी मॅच होती. आम्ही जिंकलो.

मग काय! दर शुक्रवारी मुलं माझ्या टेबलापुढे हेल्मेटं घेऊन रांगेत. मी सांगून पाहिलं की अहो, ही पूजा वर्षातून एकदा. कोणी ऐकेना. पुढच्या शनिवारी घरच्या मैदानावर सणसणीत हरलो. मला वाटलं, सुटले. पण सोमवारी तो मोठा मुलगा म्हणाला, "हळदीचा दोष नाही मॅडम. आम्हीच वाईट खेळलो."

घरी नवऱ्याला सांगितलं. ते क्रिकेटवेडे. "अगं, बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "फलंदाज आउट झाला म्हणून कोणी बसायची जागा बदलत नाही."

"अहो, तुम्ही बदलता. सोफ्यावरून खुर्चीवर."

"ते कसोटीत."

पुढे बाहेरगावी एक मॅच जिंकलो, एक हरलो. घंटेला बाहेरगावचे विजय चालत नव्हते. उरली एकच मॅच, १२ नोव्हेंबरची, घरच्या मैदानावर, शेजारच्या गावच्या कॉलेजशी. त्या शुक्रवारी म्हातारबाबांनी तेल घातलं ते इतकं की दोरीवरून ओघळ आला. मी फडकं दिलं. त्यांनी आभार मानले नाहीत, म्हणजे मनावर ताण होता.

शनिवारी नवरा मुद्दाम आला, फ्लास्कमध्ये चहा घेऊन. पाऊस पडून गेलेला, चिखल असा की माझ्या डोळ्यांपुढे फक्त रविवारच्या पँटी. शेवटच्या मिनिटाला आम्ही तेरा, ते सात. चेंडू त्यांच्याकडे, आमच्या रेषेपासून तीन यार्डांवर. चार प्रयत्नांतले तीन आम्ही अडवले होते. चौथ्यात रेषा ओलांडली असती तर सहा गुण, वर किकचा एक, म्हणजे ते पुढे गेले असते आणि सगळं संपलं असतं.

म्हातारबाबा घंटेपाशी उभे होते, दोन्ही हात कोटाच्या खिशात. जिंकण्याआधी दोरीला शिवायचं नाही, हा त्यांचा नियम. माझा नवरा शेजारच्या अनोळखी बाईंना सांगत होता, "आता कृपा करून जागचं हलू नका." त्या बाई नळीतून कोक पीत होत्या. नळी तोंडात तशीच ठेवून त्या पुतळ्यासारख्या थांबल्या.

चेंडू मागे गेला, दोन्ही फळ्या एकमेकींवर आदळल्या, आणि चिखलात माणसांचा ढीग झाला. पंच एकेकाला बाजूला करत होते. सगळ्यात खाली चेंडूवाला होता आणि त्याच्यावर आमचा मोठा, रेषेच्या एक हात अलीकडे. त्याच्या हेल्मेटामागे चिखलातूनही पिवळं दिसत होतं. निदान मला तरी दिसलं.

पहिला टोला इतका मोठा झाला की नवऱ्याच्या हातून चहा सांडला. म्हातारबाबा दोरीला अक्षरशः लोंबकळत होते. मुलं भोवती गोळा होऊन मोजत होती. सात, आठ, नऊ. तेरावर थांबायचं, पण त्यांनी चौदावा दिला.

"एक जास्त झाला," मी जवळ जाऊन म्हटलं.

"मॅडम," ते धापा टाकत म्हणाले, "अडीच वर्षांचं व्याज."

दुसऱ्या दिवशी रविवारी स्वच्छ ऊन पडलं. सोमवारी हेल्मेटं तपासणीसाठी कंपनीकडे जायची होती, म्हणून सकाळी आठलाच मी ती बाहेरच्या बाकांवर मांडली, पाठी सूर्याकडे करून. म्हातारबाबा आले. दोरीने दोन्ही तळवे सोलवटलेले. त्यांनी विचारलं, "एक तसंच ठेवलं तर?"

"कॉलेजचा माल आहे," मी म्हणाले. "ऊन सरकेल तशी वळवत राहा."

ते बाकावर बसून कोपराने हेल्मेटं वळवत राहिले. मी आत गेले आणि पँटी गार पाण्यात घातल्या.