चार वाटे आणि एक जावई

माझ्या सासूबाई प्रमाणाबाहेर ताकदवान झाल्या होत्या आणि त्यांना कमी करणं हे माझं काम होतं.

(घाबरू नका. मी गेममधल्या सासूबाईंबद्दल बोलतोय. खऱ्या सासूबाईंना कमी करण्याचा विचार त्यांच्या दांडी गावात आजवर कुणीही केलेला नाही.)

झालं असं, की बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात नऊ वर्षं बाटल्यांतले नमुने तपासल्यावर मला साक्षात्कार झाला, की आपला जन्म मारामारीचा व्हिडिओ गेम बनवण्यासाठी आहे. समोरासमोर दोन माणसं, मध्ये वीतभर जागा, आणि एक जण आडवा होईपर्यंत ठोकाठोकी. माझी बायको चेतना शिक्षिका आहे, त्यामुळे तिने रीतसर मुदत दिली. "दिवाळीपर्यंत वेळ. तोवर तुझा गेम कुणी स्पर्धेत घेतला तर ठीक, नाहीतर मुकाट्याने परत लॅबमध्ये." कारखान्यानेही वर्षभराची बिनपगारी रजा दिली. ती इतक्या झटकन दिली की मला जरा वाईटच वाटलं.

मला चित्र काढता येत नाही. म्हणून मी गच्चीवर पांढरी चादर टांगली, घरच्यांना एकेक करून तिच्यासमोर उभं केलं आणि त्यांच्या हालचाली मोबाइलवर टिपल्या. सासूबाईंनी मासळीची टोपली भिरकावली. सासऱ्यांनी पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, फेकलं. माझे बाबा सांगलीकडचे, इथल्या वीज प्रकल्पातून निवृत्त झालेले, त्यांनी छत्रीने भोसकून दाखवलं. चेतनाने डस्टर फेकून मारला. (तिला सरावाची गरज पडली नाही.) पाचवा लढवय्या मी स्वतः. मला काहीच सुचेना, म्हणून नुसता उभा राहिलो. त्या पात्राचं नाव ठेवलं 'जावई'.

आता, असले गेम खेळणारे काही अट्टल खेळाडू असतात. एकेक लाथ किती वेळात लागते हे ते महिनोन्‌महिने घोकतात. त्यांच्या स्पर्धा भरवणारी रेश्मा म्हणून वसईची एक बाई आहे. तिला गेम पाठवला. तिचं उत्तर आलं, "कल्पना मस्त. पण सासू फार भारी आहे. एक जरी पात्र भारी असलं की सगळे तेच घेतात आणि गेम मरतो. समतोल करा. येत्या रविवारी आठ खेळाडू घेऊन बोईसरला येते. पटलं तर स्पर्धेत घेऊ."

म्हणजे माझं अख्खं वर्ष एका रविवारावर येऊन टेकलं. मी लगेच सासूबाईंच्या टोपलीचा मार बारावरून आठवर आणला. चेतनाने ही गोष्ट आईला फोनवर 'सहज' सांगितली. दुसऱ्या दिवसापासून दांडीहून येणारा मासळीचा डबा बंद झाला. तिसऱ्या दिवशी मी फोन केला.

"आई, डबा आजही नाही आला?"

"डबा उचलायला माजे अंगात ताकद कुटं हाय, जावय? तुमीच कमी केली ना!"

फोन ठेवला आणि टोपली पुन्हा बारावर नेली. (मी तत्त्वाचा माणूस आहे, पण सोमवारपासून घरात दुधी चालू होता.) हे बाबांना कळलं.

"विहीणबाईंची टोपली बारा आणि माझी छत्री नऊ? आरं, तीस वर्सं प्रकल्पात काढली म्या!"

छत्री तेरा झाली. मग सासरे आले. ते वर्षातून साधारण चार वाक्यं बोलतात. चहा प्यायले, बराच वेळ पंख्याकडे बघत बसले आणि उठताना म्हणाले, "पाग हलका वाटतो." पाग पंधरा! चेतना तेवढी शहाणी. म्हणाली, "मला काही नको." (लग्न झालेल्यांना पुढचं सांगायला नको.) डस्टर अठरा!

शुक्रवारपर्यंत सगळ्यांच्या अंगात इतकं बळ आलं होतं, की पहिला ज्याचा हात लागेल तो जिंकायचा. लढत सुरू झाल्याची घंटा आणि संपल्याची घंटा एकमेकींत मिसळायच्या.

"हा गेम आहे की शिंक?" चेतनाने विचारलं.

मी डोकं धरून बसलो. कुणाचंही कमी करायची सोय नव्हती, वाढवायला जागा नव्हती, आणि रविवार परवावर आला होता. शनिवारी सकाळी सासऱ्यांना घेऊन सासूबाई स्वतः रिक्षाने हजर झाल्या. हातात सुक्या मासळीची टोपली. (खरी.) माझा चेहरा बघून त्या एकदम विरघळल्या.

"रडता कशाला, जावय? वाटे लावा."

दांडीला होडी आली की मासळीचे वाटे लावतात. एक जण नजरेच्या अंदाजाने सारखे ढीग घालतो. दुसरा पाठ करून उभा राहतो. पहिला एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, 'हा कुणाचा?' आणि पाठमोरा माणूस नाव पुकारतो. नाव पुकारलं की संपलं. मग त्या वाट्याला कुणी हात लावायचा नाही आणि कुरकुरायचं तर नाहीच. पिढ्यान्‌पिढ्या तिथे वाट्यावरून भांडण झालेलं नाही, असं सासूबाई म्हणतात. मला हे इतकं पटलं, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (थोडं सुकटीच्या वासानेही.)

हॉलमध्ये वर्तमानपत्र अंथरलं. ठरलं असं, की बोंबील म्हणजे मार, मांदेली म्हणजे वेग आणि सुकी करंदी, ती बारकी कोळंबी, म्हणजे बचाव. ज्याच्या वाट्यात जे जितकं, त्याच्या अंगात ते तितकं. मी ढीग घालत होतो आणि सासूबाई वरून नजर ठेवून होत्या.

"ह्ये वाट्यात बोंबील कमी हाय. करंदी घाला."

घातली.

"आता त्यो बारका दिसतो. त्यातबी करंदी घाला."

"आई, सगळ्यांतच करंदी जास्त होतेय."

"होऊ दे! औंदा करंदी चिक्कार हाय."

सासरे फ्रिजकडे तोंड करून उभे राहिले. मी ढिगावर बोट ठेवलं. "हा कुणाचा?" "व्याह्यांचा." बाबांच्या वाट्याला मांदेलीच मांदेली आली. ज्या माणसाला दोन वर्षं जिना चढवत नाही, तो गेममधला सगळ्यात चपळ लढवय्या झाला! "न्याय असावा तर असा!" बाबा गरजले. चारही वाटे पुकारून झाले. सगळे खूश. मी आकडे लिहून घेतले. आणि मग चेतना म्हणाली, "तुझा कुठेय?"

नऊ वर्षं मोजमापाची नोकरी केलेल्या मी पाच माणसांचे चार वाटे लावले होते. मी हळूच बाबांच्या ढिगाकडे हात नेला. सासूबाईंनी त्यावर फटकन मारलं.

"नाव पुकारलं का हात नाय लावायचा!"

टोपलीच्या तळाशी बोंबलाची दोन मुंडकी आणि थोडा चुरा होता. "घ्या, ह्यो तुमचा," त्या म्हणाल्या. 'जावई' या पात्रापुढे मी लिहिलं : मार दोन, वेग नावापुरता, बचाव शून्य.

दुपारी मी कॉम्प्युटरला त्या चौघांच्या आपापसात हजार लढती खेळायला लावल्या. निकाल आला, कुणीही कुणापेक्षा सरस नाही! सगळे अगदी बरोबरीत! मी बाबांना उचलून नाचवलं. (त्या लढती संपल्या कशा, हे उघडून बघायला पाहिजे होतं. पण बाटलीवरचं लेबल वाचून नमुना पास करायची सवय अशी सहजासहजी सुटत नाही.)

रविवारी मिठाईच्या दुकानावरच्या हॉलमध्ये रेश्मा आणि तिचे आठ खेळाडू आले. प्रत्येकाने गेम खेळायची आपापली बटणांची पाटी आणली होती. पहिल्या रांगेत माझं अख्खं कुटुंब ठेवणीतल्या कपड्यांत. पहिली लढत, सासूबाई विरुद्ध बाबा. टोपली आली, बाबांनी अडवली. छत्री आली, सासूबाईंनी अडवली. टोपली, अडवली. छत्री, अडवली. वेळ संपली. बरोबरी! दुसरी लढत बरोबरी. पाचवी बरोबरी. सातवीला एक खेळाडू उठून खाली फरसाण आणायला गेला, आणि त्याच्याशिवायही बरोबरीच झाली.

सासूबाईंना अभिमान आवरेना. "बगा! कोन कोनाला हरवत नाय! ना भांडन, ना तंटा!"

बाराव्या बरोबरीनंतर रेश्मा माझ्याजवळ आली. ती खेळाडूंशी हिंदीत बोलत होती, त्याच ओघात मलाही म्हणाली, "सर, बॅलन्स्ड तो है. इतना बॅलन्स्ड है, कि खेलने की जरूरत ही नहीं."

करंदी! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी चौघांनाही इतका बचाव वाढून ठेवला होता, की कुणाला साधं खरचटतही नव्हतं. आता काही बदलायची सोय नव्हती. पाटीवाले पाट्या पिशवीत घालत होते. मला खरोखर रडू येत होतं. एक वर्ष, चेतनाचा विश्वास, गच्चीवर उन्हात उभी राहिलेली ही म्हातारी माणसं, सगळं माझ्यामुळे पाण्यात.

तेवढ्यात आवराआवर करताना एकाचा हात चुकून बटणावर पडला आणि पडद्यावर 'जावई' आला. समोर सासूबाई होत्याच. एक टोपली बसली आणि जावई आडवा!

अख्खा हॉल उसळला. पाट्या पिशव्यांतून बाहेर आल्या. "मैं! मैं! पहले मैं!" रांग लागली. छत्री बसली, आडवा. पाग पडला, आडवा. बाबा खुर्चीवर उभे राहून ओरडत होते, "हाण त्येला!" सासऱ्यांनी वर्षातलं पाचवं वाक्य उच्चारलं, "माजा नंबर कवा?" चेतनाने तर डस्टरने मला नऊ वेळा लोळवलं आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून मायेने म्हणाली, "बाकीचं जाऊ दे रे. हा एक मात्र हुबेहूब उतरलाय."

रेश्माने गेम स्पर्धेत घेतला नाही. एकटा जावई तेवढा मागून नेला, नवशिक्यांना हात साफ करायला. मीही तो सगळ्यांसाठी फुकट सोडून दिला. आमची दिवाळी दांडीला झाली. फराळासोबत करंदीची चटणी होती.

दिवाळीनंतरच्या सोमवारी मी कारखान्याच्या गेटवर उभा राहिलो. नऊ वर्षांत ज्याने कधी मान वर केली नव्हती, तो वॉचमन चक्क खुर्चीवरून उठला आणि मला कडक सलाम ठोकला.

"साहब, कल छुट्टी में आपको सत्तावन बार मारा! आपने एक बार भी हाथ नहीं उठाया!"

मी हसल्यासारखं केलं आणि हजेरीच्या मशीनवर अंगठा टेकवला.

"कृपया पुन्हा प्रयत्न करा," मशीन म्हणालं.